सायकलच्या मागे शिडाची फळी



सावित्री नदी महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूर व महाड या तालुक्यांतून वाहत येते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या दरम्यान सागराला मिळते. समुद्राची भरती या नदीत जिथवर चढते तिथवर तिला खाडी म्हणण्याचा प्रघात आहे. दासगाव हे या खाडीच्या काठचे जुने बंदर. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला हे सांगूनही पटणार नाही. त्याला उजवी-डावीकडे डोंगर दिसतो, रस्त्याचे रुंदीकरण दिसते, १९९३ मध्ये रोह्यापासून वीरपर्यंत आलेल्या कोकण रेल्वेचा मार्ग दिसतो. पाणी मात्र त्याच्या नजरेतून निसटते. रस्ता आणि रेल्वे आली की बंदर ओस पडते, हा कोकणातील बहुतेक खाड्यांचा अनुभव आहे, आणि दासगावही त्याला अपवाद नाही.

अशा गावात बसून शिडाच्या फळीवरील खेळाविषयी, आणि तेही सायकलच्या संदर्भात, बोलावे हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. परंतु या खेळाच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचा विचार करता येतो. पाणी गावाला लागून असते, पाण्यात घालण्याजोगी वस्तूही कधी ना कधी मिळते. पण घर आणि पाणी यांच्यामधले मैल-दोन मैलांचे अंतर कोणाच्या वाहनाने कापायचे?

विंडसर्फिंग या नावाने ओळखला जाणारा हा खेळ आता जगभर पसरलेला आहे. एक लांबट फळी, तिच्यावर उभी केलेली डोलकाठी, तिला लावलेले शीड आणि शिडाला आडवा धरून ठेवणारा दांडा, एवढेच त्याचे साहित्य. सुकाणू नाही. खेळाडू फळीवर उभा राहतो, दांडा दोन्ही हातांनी धरतो आणि शीड पुढे किंवा मागे कलते करून फळीची दिशा बदलतो. शीड पुढे कलले की वाऱ्याचा जोर फळीच्या पुढच्या भागावर येतो आणि फळीची नाळ वाऱ्यापासून दूर वळते. मागे कलले की नाळ वाऱ्याकडे येते. आपल्याकडील जुन्या तांडेलाला हे तत्त्व नवे वाटणार नाही. नवे आहे ते डोलकाठीच्या बुडाशी. होडीची डोल घट्ट रोवलेली असते, तर या फळीवरची डोलकाठी सर्व दिशांना फिरणाऱ्या सांध्यावर बसवलेली असते. खेळाडूने हात सोडला की शीड पाण्यावर आडवे पडते आणि फळी जागच्या जागी थांबते.

या सांध्याचा शोध कोणी लावला याची कथा शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील न्यूमन डार्बी याने १९६४ च्या सुमारास शिडाची फळी तयार केली आणि १९६५ मध्ये एका लोकप्रिय मासिकात तिची माहिती छापून आणली. पुढे कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर हा व्यावसायिक आणि जिम ड्रेक हा विमानविद्येचा अभियंता या दोघांनी आपल्या रचनेचे एकस्व १९७० मध्ये मिळवले. त्या एकस्वाच्या जोरावर हा उद्योग उभा राहिला. परंतु इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला तेव्हा असे निष्पन्न झाले की हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्येच अशी फळी स्वतः बनवून उघड्यावर चालवली होती. न्यायालयाने त्या मुलाच्या खेळण्याची दखल घेतली आणि तेथील एकस्व रद्दबातल ठरवले. हस्तव्यवसायाच्या तासाला जे मूल लाकडाच्या तुकड्यांशी खटपट करीत असते त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी या एका निकालाने थोडी बदलावी.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट झाला, १९९२ मध्ये स्त्रियांसाठीही त्याची स्पर्धा सुरू झाली. भारतात गोव्याला १९९० मध्ये राष्ट्रीय जलक्रीडा संस्था स्थापन झाली आणि त्या किनाऱ्यावर हा खेळ रुजला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत इबाद अली या भारतीय खेळाडूने या प्रकारात कांस्यपदक मिळवले. सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास किनारा लाभलेल्या महाराष्ट्रात मात्र हा खेळ अद्याप हौशी मंडळींच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. याचे कारण साहित्याची किंमत हे आहेच. पण किमतीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, वाहतूक हे कारण आहे.

पहिल्या पिढीतील फळी सुमारे बारा फूट लांब आणि सत्तावीस किलो वजनाची होती. डोलकाठी, दांडा व शीड धरून हा सगळा बोजा चाळीस किलोच्या घरात जाई. आजच्या फळ्या आखूड व हलक्या आहेत, डोलकाठीचे दोन तुकडे होतात, शीड गुंडाळून पिशवीत बसते. पूर्वीच्या जड फळ्या नवशिक्याला मात्र आजही सोयीच्या, कारण त्या डुगडुगत नाहीत. ज्याच्याकडे मोटार आहे तो फळी टपावर बांधतो आणि निघतो. ज्याच्याकडे नाही त्याने काय करावे? एसटीच्या टपावर बारा फुटी फळी चढवू देणारा वाहक अजून जन्माला यायचा आहे. युरोपातील हॉलंडसारख्या सपाट देशात हा खेळ सत्तरच्या दशकात घरोघरी पोचला, आणि सायकल तर तेथे आधीच घरोघरी होती. सायकलच्या मागे दोन चाकांची हलकी ट्रॉली जोडून तीवरून फळी पाण्यापर्यंत न्यायची, हा तोडगा तेथील तरुणांना सहज सुचला.

सायकलवर ओझे वाहणे आपल्याला अपरिचित नाही. दुधाच्या किटल्या, पावाच्या पेट्या, मासळीच्या पाट्या, गॅसच्या टाक्या हे सारे आपण सायकलवर पाहत आलो. झारखंडात कोळशाच्या गोणींनी लादलेल्या सायकली माणसे मैलोगणती ढकलत नेतात. १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या लढाईत हजारो माणसांनी सायकली ढकलत डोंगरवाटांनी रसद पोचवली आणि एका सायकलवर दोनशे किलो व त्याहून अधिक ओझे नेले. हे सर्व ओझे सायकलच्या स्वतःच्या अंगावर होते. ओझे अंगावर घेणे वेगळे आणि मागून ओढणे वेगळे. बारा फुटी वस्तू सायकलच्या अंगावर बांधली की हँडल वळत नाही आणि वाऱ्याची झुळूक आली की स्वार रस्त्याच्या कडेला जातो. तीच वस्तू स्वतःच्या चाकांवर जमिनीलगत ठेवून ओढली तर सायकलचा तोल सायकलपाशीच राहतो.

चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर हवा भरलेल्या चाकांवरील ओझे ओढण्यास त्याच्या वजनाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका जोर पुरतो. म्हणजे चाळीस किलोच्या बोजासाठी अर्ध्या ते पाऊण किलोची ओढ. चढाचे गणित निराळे आहे. वीस फुटांना एक फूट असा चढ लागला की त्याच बोजासाठी दोन किलोची जादा ओढ लागते, आणि तेथे उतरून सायकल हाताने ढकलणे शहाणपणाचे. वाळूत व चिखलात तर हिशेबच संपतो. बारीक चाके रुततात, म्हणून रुंद टायर वापरावे किंवा शेवटचा टप्पा दोघांनी उचलून पार करावा.

ट्रॉलीची बांधणी अवघड नाही. लहान मुलांच्या मोडक्या सायकलींची दोन सारखी चाके, पोलादी नळी किंवा अँगल, आणि वेल्डिंग येणारा माणूस एवढे पुरते. परंतु तीन गोष्टींत हयगय चालत नाही. बोजाचा मध्य आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे जोडदांडीवर दोन-तीन किलोचा दाब राहतो. तो आसाच्या मागे गेला की दांडी वर उचलते आणि ट्रॉली उतारावर शेपूट हलवू लागते. दुसरी बाब जोडणीची. दांडी सीटखालच्या नळीला जोडली तर लांब वस्तूला जागा मिळते आणि काम सोपे होते, पण जोर उंचावर येतो आणि एकाएकी ब्रेक दाबल्यास मागचा बोजा सायकलला पुढे लोटतो. मागच्या चाकाच्या आसापाशी जोडली तर सायकल अधिक स्थिर राहते. जोड कोठेही असो, तो सर्व दिशांना फिरणारा हवा. सायकल वळणावर कलते, ट्रॉली कलत नाही. रस्त्यात खड्डा आला की ट्रॉली डोलते, सायकल डोलू नये. ताठ जोड या ताणाने मोडतो. फळीवरची डोलकाठी ज्या युक्तीने चालते त्याच युक्तीने ही ट्रॉलीही चालते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. जाड रबरी पट्ट्याचा तुकडा किंवा आडवा-उभा फिरणारा दुहेरी बोल्ट, यांपैकी काहीही चालेल. त्याच्या जोडीला दोराचा एक सैल फास अवश्य ठेवावा. जोड तुटला तर तोच ट्रॉलीला धरून ठेवतो.

तिसरी बाब ब्रेकची. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून थांबण्यास लागणारे अंतर वाढते. पावसात रिम ओली असली की ते आणखी वाढते. शिवाय सायकल व बोजा मिळून लांबी सतरा-अठरा फुटांवर जाते आणि वळणावर ट्रॉली आतली बाजू कापते. फळी नेहमी आडवी, पालथी बांधावी. उभी बांधली तर बाजूचा वारा तिलाच शीड समजतो! मागच्या टोकाला तांबडे फडके आणि रात्री तांबडा परावर्तक हवा. महामार्गावरून अशी ट्रॉली नेऊ नये. महामार्ग सायकलवरून उतरून, दोन्ही बाजू पाहून, ओलांडावा. घरी आल्यावर चाकांचे आस गोड्या पाण्याने धुऊन वंगण द्यावे. खारे पाणी बेअरिंग किती लवकर खाते हे खाडीकाठच्या सायकलवाल्यांना सांगावे लागत नाही.

वाहनाविना पाण्यापर्यंत किंवा पाण्यापासून पुढे जाण्याचा प्रश्न दासगावला एकदा फार मोठ्या स्वरूपात येऊन गेला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेतचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दुपारी दासगाव बंदरात उतरले. धरमतरहून मोटारीने येणे सोयीचे होते. परंतु मोटारवाले ऐनवेळी नकार देतील, ही शंका होती. दासगावहून महाड पाच मैल, आणि पाच मैल पायी चालता येतात. हा साधा हिशेब त्या मार्गाच्या निवडीमागे होता. बंदरावर सत्याग्रही मोठ्या संख्येने वाट पाहत उभे होते. त्याच दिवशी रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्यावरील हक्काच्या त्या लढ्यात रस्त्यावरील वाहन कोणाच्या मर्जीवर चालते हा प्रश्नही गुंतलेला होता, आणि दासगावचा धक्का त्याचा साक्षीदार आहे. येथील शाळांनी ही पाच मैलांची वाट विद्यार्थ्यांना चालून दाखवावी. पुस्तकातील एका ओळीपेक्षा ती अधिक काळ लक्षात राहील.

आता एक अप्रिय परंतु आवश्यक गोष्ट. दासगावच्या तरुणाने ट्रॉली तयार केली आणि फळी धक्क्यावर आणली तरी लगेच पाण्यात उतरावे काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. महाड परिसरात सावित्रीच्या पात्रात मगरींचा वावर आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. या खेळातील नवशिका पहिल्या तासात पन्नास वेळा पाण्यात पडतो. शिकण्याची जागा म्हणून ही खाडी त्यास्तव निवडू नये. श्रीवर्धन, दिवेआगर यांसारख्या उघड्या किनाऱ्यांवर, जाणकारांच्या देखरेखीखाली, अंगात तरंगजाकीट घालून शिकावे. तेथील गावे मात्र या ट्रॉलीचे खरे क्षेत्र आहेत. गावठाणापासून पुळणीपर्यंतचे अंतर अर्धा-एक किलोमीटर, रस्ता सपाट आणि सुरूच्या बनातून जाणारा. दोन-तीन जुन्या फळ्या आणि एक ट्रॉली एखाद्या माध्यमिक शाळेने बाळगली तर किनाऱ्यावरील हॉटेलांच्या पाहुण्यांखेरीज गावच्या मुलांनाही हा खेळ खेळता येईल.

मग दासगावला या सगळ्याचा उपयोग काय, असे एखादा पंचायत सदस्य विचारील, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या वेळी रस्ते पाण्याखाली होते, वाटेत दरडी होत्या आणि बाहेरून येणाऱ्या पथकांना पोचणे कठीण झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला तेव्हाही नदीच्या काठाकाठाने शोध घ्यावा लागला. अशा प्रत्येक प्रसंगी पहिल्या काही तासांत गावापाशी असते ते गावातलेच साहित्य.

हवा भरण्याची रबरी नाव, तरंगजाकिटे, दोराची वेटोळी, बॅटऱ्या हा बोजा तीस-चाळीस किलोंचा होतो, म्हणजे जवळजवळ जुन्या शिडाच्या फळीइतका. तो पंचायतीच्या कार्यालयात कुलपात राहिला तर पाणी चढल्यावर त्याला उचलून न्यायला चार माणसे लागतात, आणि ती चार माणसे त्या घटकेला आपापल्या घरच्यांना उंचावर हलवीत असतात. तोच बोजा तयार बांधलेल्या ट्रॉलीवर ठेवलेला असेल तर एक माणूस सायकल जोडून, किंवा नुसती दांडी हातात धरून, पाण्याच्या कडेपर्यंत नेऊ शकतो. त्याला डिझेल लागत नाही, आणि अर्धवट बुजलेल्या रस्त्यावरून जेथे जीप अडते तेथून ती उचलून पलीकडे ठेवता येते. मलावी आणि झांबिया या आफ्रिकी देशांतील खेड्यांत सायकलमागे जोडलेल्या स्ट्रेचरगाडीतून आजाऱ्यांना आणि अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात नेले जाते. डोंगरउतारावरच्या आपल्या वाड्यांतून रुग्णाला झोळीत घालून आणावे लागते. तीव्र उतारावर झोळीच खरी. पण वाडीची पायवाट सडकेला मिळाली की तेथून पुढे हीच ट्रॉली झोळी वाहणाऱ्या खांद्यांना सुट्टी देईल. वेगवान पुराच्या प्रवाहात मात्र न शिकलेल्या माणसाने नाव किंवा फळी घालू नये. ट्रॉलीचे काम पाण्याच्या कडेपाशी संपते.

शेवटी वारा आणि भरती यांविषयी थोडे, कारण ट्रॉली केव्हा जोडायची हे त्यांवरच ठरते. हिवाळा-उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. पावसाळ्यातील नैर्ऋत्येचा वारा या खेळाच्या कामाचा नाही. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत शिक्षकांनी मुलांना जरूर शिकवावी. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. ही वेळ समुद्राकाठची. खाडीत आत यावे तशी भरती उशिरा पोचते, म्हणून दासगावच्या मुलांनी धक्क्यावर खूण करून महिनाभर नोंदी ठेवाव्यात आणि येथील फरक स्वतः काढावा. अमावास्येच्या सुमारास दुपारी ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढते आणि खारा वारा त्याच्या विरुद्ध येतो. मग खाडीच्या मुखापाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि थकलेली होडी बाहेरच्या बाजूस वाहत जाते. अष्टमीच्या दुपारी मात्र पाणीही आत येते आणि वाराही आत येतो, आणि ज्याचे हात दमले त्याला दोघे मिळून काठाकडे आणून सोडतात. किनाऱ्यावरच्या शाळेने पहिला तास अष्टमीला दुपारी ठेवावा, आणि ट्रॉली जेवणाच्या सुट्टीतच बांधून तयार असावी.